बारा तासिका सगळ्यांच्याच, मग थकवा एकालाच का? प्राध्यापकांचा कार्यभार, ताण आणि समाधान

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बाई विद्यापीठाच्या एका विभागात सात वर्षं शिकवत आहेत. कागदावर आठवड्याला बारा तासिका, शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याच्याही बाराच. तो संध्याकाळी मोकळा दिसतो, यांचं काम रात्रीपर्यंत उरकत नाही. संशोधन वर्षभर ठप्प आहे. मध्यंतरी विद्यापीठानं शिक्षकांची पाहणी केली, त्यात यांनी ‘कामाबद्दल समाधानी’ या रकान्यात खूण केली आणि त्याच आठवड्यात झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. विभागप्रमुखांनी त्यांचं नाव ताणतणाव व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत घातलं. त्यांनी विचारलंय: ‘मीच कमी पडतेय का? आणि नोकरी सोडावी का?’

विद्यापीठांतल्या शिक्षकांचं समुपदेशन आणि पुढे कार्यभार वाटपाच्या समित्यांना सल्ला, असं दोन्ही बाजूंनी हे काम मी बरीच वर्षं करत आले आहे. त्यावरून सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुम्ही कमी पडत नाही आहात, आणि पाहणीत तुम्ही खोटंही लिहिलेलं नाही. समाधान आणि थकवा यांचं असं नाही की एक वाढला की दुसरा आपोआप घटतो. माझ्याकडे येणारे बरेचसे प्राध्यापक समाधानीही असतात आणि पार थकलेलेही, आणि खरी गोम तिथेच आहे. ज्याला शिकवायला आवडतं तो भार अंगावर काढतो. ‘आवडीचं काम मिळालंय ना, मग कुरकुर कसली’ असं स्वतःलाच दटावतो. विद्यापीठाच्या अहवालात मात्र त्याची ‘समाधानी’वरची खूण जमा होते आणि भाराचा विषय तिथेच बंद होतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं. नोकरीत फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं असा सांगा, एवढंच विचारलं होतं. बरं वाटण्याच्या प्रसंगांत लोक काम, यश, कौतुक, जबाबदारी यांबद्दल बोलले. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत धोरणं, वरिष्ठांची देखरेख, कामाची परिस्थिती, पगार. त्यावरून त्यांनी म्हटलं की असमाधान गेलं म्हणजे समाधान आलं असं होत नाही, दोन्हींची मुळं वेगळी आहेत. या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तच आहेत: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि बिघडलं की बोट कार्यालयाकडे दाखवतो. तरी प्राध्यापकांशी बोलताना मला ही विभागणी पुन्हापुन्हा भेटते. वर्गातला तास आणि विद्यार्थ्याचा एखादा झकास प्रश्न एका बाजूला, परिपत्रकं आणि मुदती दुसऱ्या बाजूला. एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही.

पॉल स्पेक्टर यांची १९८५ मधली नोकरी-समाधानाची प्रश्नावली बघा. तिच्यात ३६ विधानं आहेत आणि ती नऊ अंगांत वाटलेली आहेत: पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी, कामाचं स्वरूप वगैरे. त्यातलं एक अंग कामाच्या पद्धती आणि नियमांचं आहे आणि त्यात ‘मला कागदपत्रांचं काम फार आहे’ अशा अर्थाचं एक विधान आहे. तुमच्यासारख्या शिक्षकाला कामाच्या स्वरूपात भरघोस गुण मिळतील आणि या अंगात जेमतेम. तुमच्या विद्यापीठाच्या पाहणीत बहुधा एकच प्रश्न असणार: एकंदरीत समाधानी आहात का? असं विचारलं की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे वर्ग उभा राहतो आणि खूण ‘हो’वर पडते. पाहणी करणाऱ्यांना माझं सांगणं नेहमी हेच असतं की नऊ आकडे वेगवेगळे ठेवा, त्यांची सरासरी काढून अहवालाच्या पहिल्या पानावर छापू नका.

आता त्या बारा तासांकडे वळते, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ मला तिथे दिसतं.

तासिका हे माप विद्यापीठांना सोयीचं वाटतं, कारण ती वेळापत्रकात दिसते आणि मोजता येते. पण दोघांच्या बारा तासिका सारख्या असतातच असं नाही. समजा तुमचा सहकारी एकच विषय तीन तुकड्यांना शिकवतो: चार व्याख्यानं, तीनदा. विषय जुना, टिपणं तयार, स्लाइड्स गेल्या वर्षीच्याच. तुमच्याकडे चार वेगळे विषय आहेत, प्रत्येकाच्या तीन तासिका, आणि त्यातले दोन यंदा पहिल्यांदाच आलेत. नवीन विषयाच्या एका तासासाठी तीन तास तयारी लागणं यात काही विशेष नाही; उदाहरणं जमवायची, आकृत्या काढायच्या, कुठे विद्यार्थी अडतील ते हेरायचं. म्हणजे नुसत्या त्या सहा नव्या तासिकांमागे आठवड्याला अठरा तास गेले. त्याच्या चार व्याख्यानांची उजळणी एका सकाळीत होते.

मग तपासणी. तुमच्या चार विषयांना प्रत्येकी ५० विद्यार्थी असतील तर एका फेरीला २०० स्वाध्याय. एकेकाला पंधरा मिनिटं धरली तर ५० तास. सहकाऱ्याच्या तीन तुकड्यांत तीस-तीस विद्यार्थी असतील तर ९० स्वाध्याय, साडेबावीस तास, आणि तेही एकाच प्रश्नावरचे. दहावा तपासताना डोळे सरावलेले असतात. सत्रात दोन फेऱ्या झाल्या की तुमच्यात आणि त्याच्यात ५५ तासांचा फरक पडतो. हा फरक कार्यभाराच्या तक्त्यात कुठेही उमटत नाही. तिथे दोघांपुढेही ‘१२’ लिहिलेलं असतं.

पंधरा मिनिटं हासुद्धा हात राखून धरलेला अंदाज आहे. एक गठ्ठा डोळ्यांपुढे आणा. पहिली सतरा-अठरा पानं सरळ जातात. मग एका स्वाध्यायातला परिच्छेद ओळखीचा वाटतो. आधी कुठे वाचला? तपासून झालेला ढीग पुन्हा उपसायचा, जोडी सापडली की दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ बघायची, दोघांना बोलवायचं, ऐकून घ्यायचं, नोंद करायची. अर्धा-पाऊण तास गेला. पुढच्याचं अक्षर लागत नाही. त्यापुढच्यानं उत्तर चुकवलंय, पण मांडणीत चमक आहे, त्याला नुसते चार गुण देऊन मोकळं होणं तुमच्या जिवावर येतं, म्हणून समासात आठ ओळी लिहिता. गुण पोर्टलवर चढवायचे, पोर्टल मध्येच बाहेर काढतं, पुन्हा आत शिरायचं. दुसऱ्या दिवशी दारात कुणीतरी उभा: ‘मॅडम, माझे दोन मार्क कुठे गेले?’ प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचं नीट उत्तर देणं हेही शिकवणंच आहे. पण ते कुठल्याच तासिकेत बसत नाही.

तासांच्या बेरजेपेक्षाही मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते या तासांचं तुकडे होणं. समजा तुमचा मंगळवार असा आहे: नऊला तास, दहा ते अकरा रिकामं, अकराला तास, बाराला ‘छोटीशी’ मीटिंग, दोन ते चार परिसंवाद. वेळापत्रक आखणाऱ्याच्या दृष्टीनं तुम्हाला दहा ते अकरा संशोधनासाठी मोकळा तास दिलेला आहे. प्रत्यक्षात दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत दोन विद्यार्थी वर्गाच्या दारातच अडवतात, केबिनमध्ये येऊन शोधनिबंधाची फाइल उघडता, मागच्या आठवड्यात कुठे थांबलो होतो ते आठवेपर्यंत साडेदहा होतात, आणि पावणेअकराला पुढच्या तासाचा विषय डोक्यात फिरायला लागतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामातून दुसऱ्या कामाकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो आणि नव्या कामाची प्रत घसरते. प्राध्यापकाचा आख्खा दिवस अशा वळणांनीच भरलेला असतो. आठवड्यात चार सुटे रिकामे तास आणि सलग चार तासांची एक सकाळ यांची बेरीज सारखी येते, पण पहिल्यातून काही लिहून होत नाही. वर्षभर तुमचं संशोधन ठप्प आहे ते बहुधा यामुळे, आळसामुळे नव्हे.

गंमत अशी की यावरचा इलाज जवळजवळ फुकट आहे. वेळापत्रक करताना प्रत्येक शिक्षकाची एक सलग सकाळ किंवा दुपार तासिका आणि मीटिंगांपासून मोकळी ठेवायची, एवढंच. त्याला नवी पदं लागत नाहीत, निधी लागत नाही. लागते ती एका माणसाची दोन दिवसांची डोकेफोड. तरीही विभागांना मी हे सुचवते तेव्हा पहिलं उत्तर बहुधा ‘खोल्या मिळत नाहीत’ असं येतं. खोल्यांचा तक्ता मागवून बघितला की निम्म्या वेळा त्या मिळतात.

ताण म्हणजे कामाचे तास, हा समज सोडायला हवा. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलेली ताण मोजण्याची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या दहा प्रश्नांच्या रूपात गेल्या महिन्याभरात अनपेक्षित गोष्टींनी तुम्ही किती वेळा अस्वस्थ झालात, महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अडचणींचा ढीग आवाक्याबाहेर गेलाय असं किती वेळा वाटलं, असं विचारतात. किती तास काम केलं हे त्यात कुठेही नाही. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या माहितीवरून हेच वेगळ्या अंगानं मांडलं होतं. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं, केव्हा करायचं यावर आपला ताबा कमी, ही जोडी माणसाला खचवते. रेटा तेवढाच, पण सूत्रं स्वतःच्या हातात असतील तर त्याच कामातून माणूस शिकतो. पुढे या मांडणीत सहकाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या आधाराची भर पडली.

लोक म्हणतात, प्राध्यापकाइतकं स्वातंत्र्य कुणाला असतं? असतं, पण ते अर्धं आहे. वर्गाबाहेरचं काम केव्हा करायचं हे तुमच्या हातात. किती करायचं हे नाही. पेपर रात्री अकराला तपासायचे की पहाटे पाचला, एवढीच निवड उरते. त्यात या कामाला काठ नाही. व्याख्यान आणखी सुधारता येतं, निबंधासाठी आणखी एक संदर्भ वाचायचा राहिलेलाच असतो, पीएचडीच्या विद्यार्थ्याचं प्रकरण आणखी एकदा वाचलं तर आणखी चार चुका सापडतातच. ‘आता पुरे’ असं बाहेरून कुणीच म्हणत नाही. ते स्वतः म्हणावं लागतं, आणि मनापासून शिकवणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही.

योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार तुमच्या बाबतीत आणखी चपखल बसतो. घातलेले कष्ट आणि पदरात पडलेलं फळ यांचा मेळ बसला नाही की प्रकृतीवर परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं. फळ म्हणजे पैसा, मान, आणि बढती व नोकरीची शाश्वती. आणि ज्याला कामात स्वतःला झोकून दिल्याशिवाय राहवत नाही त्याला ही तफावत जास्त बाधते. शिक्षकाचे कष्ट जातात वर्गात, गठ्ठ्यांत, दारात उभ्या असलेल्या मुलांत. बढतीचा फॉर्म विचारतो: शोधनिबंध किती आणि कुठे छापलेत? नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांचे सरासरी किती दाखले दिले जातात त्या आकड्यावरून, एकेका संशोधकाची किंमत ठरवू नका, असं सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला. ‘डोरा’ या नावानं तो ओळखला जातो आणि जगभरच्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सह्या झाल्या तरी निवड समितीच्या खोलीतलं पहिलं वाक्य मला अजून ‘छापलंय कुठे?’ असंच ऐकू येतं. शिवाय दोन्ही कामांच्या फळांचा वेगही सारखा नाही. निबंध पाठवायचा, समीक्षकांची वाट बघायची, सुधारून परत पाठवायचा, नाकारला तर दुसरीकडे न्यायचा. सत्रामागून सत्रं जातात. गुणांबद्दलची तक्रार मात्र त्याच संध्याकाळी येते. साहजिकच माणूस जे अंगावर येतं ते आधी करतो आणि ज्यावर बढती ठरते ते मागे पडतं.

सगळा ताण वाईट असंही मी म्हणणार नाही. कॅव्हनॉ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अमेरिकी व्यवस्थापकांच्या अभ्यासात आव्हानाचा ताण आणि अडथळ्याचा ताण असे दोन प्रकार वेगळे केले. मोठी जबाबदारी आणि घाईची मुदत यांतून येणारा ताण समाधानाच्या बरोबरीनं दिसला. लाल फीत, अंतर्गत राजकारण, आपल्याकडून नेमकं काय हवंय याचा पत्ता नसणं, यांतून येणारा ताण असमाधान आणि दुसरी नोकरी शोधणं यांच्या बरोबरीनं. नवा विषय शिकवायला घेऊन दमलेला शिक्षक माझ्यासमोर बसतो तेव्हा थकलेला असला तरी बोलताना खुलतो. तीच प्रकाशनांची यादी विभागाला एका नमुन्यात, गुणवत्ता कक्षाला दुसऱ्या नमुन्यात आणि संशोधन कार्यालयाला आडनाव आधी लिहून तिसऱ्या नमुन्यात देणारा शिक्षक खुलत नाही. एका प्राध्यापकानं मला ते तिन्ही तक्ते आणून दाखवले होते. फरक फक्त रकान्यांच्या क्रमाचा होता. अशा कामाला तास थोडे लागतात पण चीड फार येते, आणि कार्यभार कमी करा म्हणणाऱ्या समित्या हे काम क्वचितच बघतात. मला विचाराल तर तासिका कमी करण्याआधी हे बंद करावं.

मग दाराबाहेरचं काम. नव्या अभ्यासक्रमाची समिती, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचं स्वागत, इतिवृत्त लिहिणं, शिफारसपत्रं, घरची परिस्थिती सांगताना रडायला लागलेला विद्यार्थी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होते. हे काम सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या कामातून बढतीला काही हातभार लागत नाही अशी कामं कोण अंगावर घेतं ते तपासलं. स्त्रिया ती जास्त वेळा स्वतःहून घेतात, त्यांना ती जास्त वेळा सांगितली जातात आणि त्या जास्त वेळा होकार देतात, असं दिसलं. नोंद घेण्यासारखं म्हणजे नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुषही हात वर करत होते; मिश्र गटात मात्र ते वाट बघत होते. तेव्हा हा स्वभावाचा भाग नाही, कोण करेल याच्या अपेक्षेचा आहे. तुमच्या विभागात इतिवृत्त कोण लिहितं, हे गेल्या वर्षभराच्या फाइलमध्ये बघा. बहुधा एकच अक्षर दिसेल.

तात्पुरत्या नेमणुकीवरच्या शिक्षकांची गोष्ट याहून कठीण आहे. त्यांना ‘नाही’ म्हणायची सोयच नसते, आणि पुढच्या सत्राची खात्री नसलेल्या माणसाला वेळेचं नियोजन शिकवणं मला स्वतःला पटत नाही. तुम्ही कायम नेमणुकीवर आहात असं गृहीत धरून पुढचं लिहिते.

कार्यशाळेला जा. श्वसन, झोपेची शिस्त, विचारांच्या सवयी यांवर काम केलं की लक्षणं कमी होतात, याला पुरावा आहे. विशेषतः विचार आणि वर्तनाच्या सवयींवर काम करणाऱ्या पद्धतींना. पण सोमवारी परत आल्यावर गठ्ठा २०० चाच असेल तर महिन्याभरात फायदा ओसरतो. क्रिस्टिना मास्लाख आणि मायकल लायटर यांनी नोकरीतल्या पार खचून जाण्याची (बर्नआउटची) कारणं सहा ठिकाणी शोधली: कामाचा भार, ताबा, मोबदला, सहकाऱ्यांमधलं नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. सहाही गोष्टी माणूस आणि त्याची नोकरी यांच्या मधल्या आहेत. विभागप्रमुखांनी तुमचं नाव यादीत घातलं तेव्हा सहाही गोष्टी एकट्या तुमच्या खात्यावर टाकल्या. हेतू चांगला असेल, उपाय अपुरा आहे.

आता करायचं काय. दोन आठवडे नोंद ठेवा. एक सत्राच्या मधला, एक तपासणीच्या दिवसांतला. अर्ध्या-अर्ध्या तासाची, मोबाइलवर चालेल. सहा रकाने पुरेत: प्रत्यक्ष तास, तयारी, तपासणी, विद्यार्थ्यांशी वर्गाबाहेर, संशोधन, प्रशासन आणि समित्या. कामाच्या नोंदीपुढे एक खूण करा: हे मला कधी करायचं ते मी ठरवलं, की दुसऱ्या कुणी. आठवणीतून भरू नका, आठवण या बाबतीत पक्की खोटारडी असते. बहुतेकांना या नोंदीत आपला अंदाज चुकलेला दिसतो. तयारीला वाटलं त्याहून कमी वेळ आणि ईमेल व फुटकळ निरोपांना वाटलं त्याहून कितीतरी जास्त.

ही नोंद घेऊन विभागप्रमुखांकडे जा, पण ‘मला ताण आहे’ या वाक्यानं सुरुवात करू नका. त्या वाक्याला त्यांच्याकडे तयार उत्तर आहे, ते म्हणजे कार्यशाळा. आकडे ठेवा: चार विषय, त्यातले दोन नवे, २०० स्वाध्याय, तीन समित्या, सलग मोकळी सकाळ एकही नाही. आणि मागणी मोजकी ठेवा. माझ्या मते तुमच्या बाबतीत दोन पुरेत: पुढच्या सत्रात एकही नवा विषय नको, आणि आठवड्यात एक सकाळ मोकळी. तासिका कमी करा म्हणालात तर त्यांना माणूस शोधावा लागेल आणि बोलणं तिथेच अडेल. या दोन मागण्या त्यांना स्वतःच्या अधिकारात मान्य करता येतात.

नवं काम आलं की सरळ नकार देणं अनेकांना अवघड जातं. मी एक वाक्य सुचवते: ‘सर, हे घेते. याच्या बदल्यात कुठलं काढू?’ आणि मग गप्प बसायचं. पुढचं बोलणं समोरच्यानं करायचं असतं. बऱ्याचदा असं निघतं की काम तितकं तातडीचं नव्हतं.

तपासणीत स्वतःच्या हातानं कमी करता येण्यासारखं बरंच असतं. गुणांची वाटणी आधी छापून द्या म्हणजे ‘दोन मार्क कुठे गेले’ या प्रश्नाला कागदच उत्तर देईल. पहिले पंधरा-वीस स्वाध्याय वाचून पुन्हापुन्हा येणाऱ्या चुकांचं एक पान करा, ते सगळ्या वर्गाला द्या, आणि समासात फक्त त्या पानावरचे क्रमांक लिहा. आठ ओळींचा अभिप्राय ज्याला खरंच उपयोगी पडेल त्याच्यासाठी राखून ठेवा. काही शिक्षकांना यात आपण कामचुकारपणा करतोय असं वाटतं. मुलांना विचारा, रविवारी रात्री लिहिलेल्या आठ ओळींतल्या किती त्यांनी वाचल्या, हे ऐकून तो अपराधी भाव कमी होतो.

सुट्टीचा दिवस सुट्टीसारखा घालवणं ही चैन समजू नका. सबिने सोनेनटॅग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशानं ताजा होतो हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात कामापासून मन बाजूला होणं, विश्रांती, काहीतरी नवं जमणं आणि आपल्या वेळेवर आपला ताबा अशा चार गोष्टी आहेत. प्राध्यापकांची पहिलीच गोष्ट अडते. हातात पुस्तक असलं तरी ते कामाचंच असतं.

तब्येतीबद्दल एवढंच. पार खचून जाण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आजार म्हटलेलं नाही, नोकरीशी निगडित स्थिती म्हटलं आहे. म्हणून ते किरकोळ ठरत नाही. याच संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमची नोंद ५५ च्या वर गेली तर ती विभागप्रमुखांच्या आधी डॉक्टरांना दाखवा. झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, पूर्वी ज्यात रमत होतात त्यात मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर हा कार्यभाराचा प्रश्न राहिलेला नाही. वाट न बघता उपचार सुरू करा.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. मी एक गोष्ट तपासते: माणूस वर्गाबद्दल काय बोलतो. मास्लाख आणि सुसान जॅक्सन यांच्या खचून जाणं मोजणाऱ्या १९८१ च्या मोजपट्टीत थकव्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत: ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. ‘ही मुलं काही शिकण्याच्या लायकीची नाहीत’ असं कुणी थंडपणे म्हणू लागलं की मला काळजी वाटते. कारण तेव्हा आवडही गेलेली असते आणि वेळापत्रक बदलून ती लगेच परत येत नाही. तुमच्या प्रश्नात मुलांबद्दल असं एक अक्षर नाही. तुम्ही दमलेल्या आहात, कोरड्या झालेल्या नाहीत. अशा अवस्थेत नोकरी सोडली तर जे आवडतं ते जाईल आणि कामाला काठ न घालायची सवय पुढच्या नोकरीत बरोबर येईल.

म्हणून आधी दोन मागण्या लेखी द्या आणि एक पूर्ण सत्र थांबा. ते सत्र संपण्याआधी पुन्हा एक आठवडा नोंद ठेवून आधीच्या नोंदीशी ताडून बघा. नवे विषय टळले आणि सकाळ मिळाली तर तुमचं संशोधन सुरू होतं का, हे तोवर कळेल. आकडे पुढे ठेवूनही विभागानं काहीच हलवलं नाही, उलट तुमच्याकडेच आणखी एक समिती सरकवली, तर दुसरीकडे अर्ज करायला लागा. अशा विभागात थांबून उपयोग नाही. आणि मुलाखतीत पगाराआधी विचारा की नव्या माणसाला पहिल्या वर्षी किती नवे विषय देतात, एका फेरीत किती गठ्ठे येतात आणि वेळापत्रक कोण आखतं.